कापूस आपला, टॉवेल कोणाचा ?

गेल्या वैशाखांत घरच्या लग्नाकरितां आम्ही तालुक्याच्या एका दुकानांतून सहा टॉवेल व चार चादरी आणिल्या. "शुद्ध सुती" अशी ग्वाही दुकानदारानें दिली होती. टॉवेल हातांस मऊ व गुबगुबीत. परंतु पाहुणे अंग पुसूं लागले तों पाणी टिपलें जाईना, नुसतें अंगावर फिरूं लागलें. आमची सारी नोकरी पीकपाहणीच्या तक्त्यांत कापसाचे एकर मांडण्यांत गेली, आणि आमच्याच घरांत हा प्रकार !

कापूस कसा ओळखावा, हें आमच्या वाचकांस सांगणें म्हणजे माशास पोहणें शिकविणें होय. चिमटींत रुई धरून तंतूची लांबी व बळ सांगणारे गृहस्थ गांवोगांव आहेत. पण तीच रुई सूत होऊन, रंगून, घडी घालून परत आली, कीं हेच गृहस्थ रंग व किंमत पाहून थैली सोडतात.

कापसाच्या तंतूचा मोठा गुण असा कीं, तो पाणी शोषतो आणि ओला झाल्यानें दुबळा न होतां उलट अधिक बळकट होतो. म्हणूनच सुती पंचा वर्षानुवर्षें धोपटणें व उकळणें सोसतो. पॉलिएस्टर हें खनिज तेलापासून निघतें. नेहमींच्या हवेंत कापूस आपल्या वजनाच्या सुमारें ८ टक्के ओलावा धरतो, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरीत नाहीं. उन्हाळ्यांत अशा चादरीवर पाठ चिकटते, ती याच कारणानें. "बांबूचें कापड" म्हणून जें महाग विकतात, तें बहुधा लगदा रसायनांत विरघळवून काढलेलें व्हिस्कोज असतें. तें पाणी टिपतें खरें, पण ओलें असतां त्याचें बळ घटतें.

परीक्षा सोपी आहे. टॉवेलाच्या फांसांतून एक व काठाच्या विणींतून एक, असे दोन धागे निरनिराळे काढावे. कारण वरचे फांस सुती आणि आंतील ताणा पॉलिएस्टरचा, अशीही चलाखी चालते. धागे चिमट्यांत धरून जाळावे, व जवळ पाण्याचें भांडें ठेवावें. कागद जळाल्यासारखा वास येऊन मऊ राख पडली तर सूत. वितळून काळा कठीण मणी उरला तर मिसळ. आमच्या टॉवेलाच्या दोन्ही धाग्यांचे मणीच झाले. मात्र सुती टॉवेल नवा असतां त्यावर मऊपणाचा लेप असतो, त्यामुळें पहिल्या दोन धुण्यांपर्यंत त्यास दोष देऊं नये.

चादरींवर "हजार धाग्यांची" असें छापलेलें असतें. एका चौरस इंचांतील उभे व आडवे धागे मिळून हा आंकडा होतो; पण अनेक पदरी धाग्याचा प्रत्येक पदर वेगळा मोजला कीं आंकडा फुगतो आणि कापड तेंच राहतें.

मिश्रणास आमचा विरोध नाहीं. वसतिगृहास टिकाऊ व लवकर वाळणारी चादर हवी असेल तर त्यानें ती खुशाल घ्यावी. न सांगतां केलेल्या मिश्रणास आमचा विरोध आहे. इ. स. २०१६ सालीं इजिप्तच्या कापसाच्या म्हणून विकलेल्या चादरींत दुसराच कापूस आहे असें आढळतांच अमेरिकेंतील एका बड्या विक्रेत्यानें आपल्या देशांतील एका गिरणीशीं व्यवहार तोडला. तेथील गिऱ्हाइकास कापसाची जातही हवी. आणि आम्ही पिकविणारे, कापूस आहे कीं नाहीं एवढेंही विचारीत नाहीं. सुती म्हणून तेलाचा धागा खपला, तर तेवढी रुईची मागणी कोणाच्या शेतांतून कमी झाली, याचा हिशेब करण्यास कारकून लागत नाहीं.

सोसायटीच्या येत्या सभेंत आम्ही एक सूचना मांडणार आहों : भांडारांत येणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्यावर तंतूचें प्रमाण टक्क्यांनीं लिहून घ्यावें, आणि गठ्ठ्यांतील एक नग सभासदांसमक्ष धागे काढून जाळून पाहावा. पहिल्या वर्षीं अशा नगांची किंमत आम्ही आमच्या पेन्शनींतून भरूं.