किंमत उतरली, पण ग्राहक वळला नाही

(विशेष प्रतिनिधी)

अमरावती : तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’ टॅबलेटचे अनावरण केले, तेव्हा जगातील सर्वांत स्वस्त टॅबलेट म्हणून त्याचा मोठा गाजावाजा झाला. शासनाला तो सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास पडत होता. मात्र, चारच वर्षांत, २०१५ मध्ये ही योजना गुंडाळली गेली. ‘आकाश’ घसरला तो किमतीवर नव्हे, उपयोगावर. शासकीय योजनांतून टॅबलेटचे वाटप होत असताना हा धडा विसरून चालणार नाही.

कुठे बिनसले?

पहिल्या ‘आकाश’मध्ये ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि अवघी २५६ एमबी रॅम होती. पडदा बोटाने जोर देऊन दाबावा लागे. बॅटरी दोन-तीन तासांत मान टाकत असे. भारनियमनाने त्रस्त वऱ्हाडातील खेड्यांत असे यंत्र कितपत टिकणार? शिवाय गुगलच्या अधिकृत बाजारातील सॉफ्टवेअर त्यावर थेट घेता येत नव्हती.

पुढे आयआयटी मुंबईने प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली सूत्रे हाती घेतली. प्रोग्रामिंग शिकविणारी सॉफ्टवेअर तयार झाली, हजारो प्राध्यापकांसाठी कार्यशाळा झाल्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये आलेला ‘आकाश-२’ बराच सुधारलेला होता. पण तोवर खासगी कंपन्यांचे स्वस्त अँड्रॉइड टॅबलेट दुकानांत दाखल झाले होते.

नुसती सवलत अपुरी

बड्या कंपन्यांचा अनुभवही वेगळा नाही. ह्युलेट-पॅकार्डने जुलै २०११ मध्ये आणलेला ‘टचपॅड’ अवघ्या ४९ दिवसांत बंद केला. ४९९ डॉलरचा टॅबलेट ९९ डॉलरला विकायला काढताच ग्राहकांची झुंबड उडाली. परंतु त्यातील ‘वेबओएस’ प्रणाली टॅबलेटच्या बाजारात पुन्हा उभी राहिली नाही. ग्राहक नाहीत म्हणून सॉफ्टवेअर नाही आणि सॉफ्टवेअर नाही म्हणून ग्राहक नाहीत, हे दुष्टचक्र सवलतीने तुटत नाही. सवलतीने फार तर गोदाम रिकामे होते.

पालकांचे तीन प्रश्न

नागपूरच्या ‘महाज्योती’ संस्थेने जेईई, नीट व एमएचटी-सीईटीच्या विद्यार्थ्यांसाठी मोफत टॅबसोबत दररोज ६ जीबी इंटरनेट डेटा देण्याची योजना राबविली. यंत्रासोबत जोडणी आणि अभ्यासक्रम हवा, ही जाण त्यात दिसते. तरीही राजापेठेतील पालकाने विचारावेत असे तीन प्रश्न उरतातच. मुलाला समजेल अशा मराठीत अभ्याससाहित्य आहे काय? इंटरनेट नसताना ते चालेल काय? आणि पडदा फुटला, तर दुरुस्ती अमरावतीतच होईल काय?

या तिन्ही प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर देणारा टॅबलेट हजार-दोन हजारांनी महाग असला, तरी ग्राहक तो घेईल. ज्याच्याकडे हे उत्तर नाही, तो फुकट वाटला तरी कपाटातच पडून राहील. आणि तो खर्च अखेर करदात्यांच्या खिशातून झालेला असेल.