तालुक्याच्या कोर्टात आपला वकील हवा

दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त समाजातल्या मुलामुलींनी वकील व्हावे, असे जयंतीच्या सभांत दरवर्षी सांगितले जाते. वकिली करावी कुठे आणि त्यात टिकावे कसे, हे मात्र कोणी सांगत नाही. माझ्या मते त्यांची सर्वात मोठी गरज तालुका आणि जिल्हा न्यायालयात आहे.

१. खटला बिघडतो तो सुरुवातीलाच. २००३ मध्ये जालना जिल्ह्यात दरोडा, बलात्कार आणि खुनांचा भीषण गुन्हा घडला. भटक्या जमातीतले सहाजण पकडले गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच ठरवली. त्यांतला एकजण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे त्यानंतर सिद्ध झाले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडच्या फोटोंतून दुसरीच चार माणसे ओळखली होती. त्यांचा तपासच झाला नव्हता. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. तोवर सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. वयाचा दाखला आणि ओळखीचा जबाब हे मुद्दे सत्र न्यायालयातच नेटाने लढवायचे असतात. दिल्लीपर्यंत पोचायची वेळ येऊ नये, यासाठी खाली माणूस हवा.

२. रिमांडची पाच मिनिटे पाहा. घरफोडीचा तपास लागला नाही की पोलिसांची गाडी पारध्यांच्या वस्तीवर जाते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, संशय रद्द झाला नाही. दुसऱ्या दिवशी पोरगा न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभा राहतो. ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ शेजारी हवालदार उभा असतो. पोरगा मान हलवून नाही म्हणतो. मग पीसीआर (पोलीस कोठडी) की एमसीआर (न्यायालयीन कोठडी), एवढेच ठरायचे राहते. त्या क्षणी ‘साहेब, याची वैद्यकीय तपासणी व्हावी’ असे कोणीतरी म्हणायला हवे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या आणि कोठडीतल्या व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. पण पोराला हे माहीत नसते, आणि बाहेर झाडाखाली बसलेल्या त्याच्या आईलाही नसते.

३. भाषेचा प्रश्न वेगळाच. मेळघाटातली कोरकू बाई किंवा भामरागडचा माडिया म्हातारा मराठीत जेवढे सांगू शकतो, तेवढेच कागदावर येते. बाकीचे त्यांच्या भाषेतला वकीलच काढून घेऊ शकतो.

४. ॲट्रॉसिटी कायद्याचेही तसेच. २००६ मध्ये भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये विशेष न्यायालयाने शिक्षा दिल्या, पण जातीय अत्याचाराची कलमे लागू होत नाहीत असे ठरवले. २०१० मध्ये उच्च न्यायालयानेही तेच धरले. जातीचा हेतू पहिल्या फिर्यादीपासून, प्रत्येक जबाबातून कागदावर यावा लागतो. पीडिताची इच्छा असल्यास जिल्हाधिकारी ज्येष्ठ वकील नेमून त्याची फी देऊ शकतात, ही तरतूद या कायद्याच्या १९९५ च्या नियमांत आहे. पण ती मागितल्याशिवाय कोण देतो?

५. आता पैशाचे. बाबासाहेबांनीसुद्धा वकिलीची सनद घेतली ती मित्र नवल भथेना यांच्या मदतीने. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सनदेची फी सर्वसाधारण गटाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातीला १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही. तोवर काही राज्यांत ती चाळीस हजारांच्या पुढे गेली होती! सनद आता स्वस्त झाली, पण पुढची वर्षे महागच आहेत. खोलीचे भाडे, टायपिंग, झेरॉक्स, एसटीचा खर्च आणि सीनिअरकडून महिनाअखेर जे हातावर पडेल ते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये विद्यावेतन सुचवले. सुचवले फक्त, बंधन नाही. ज्याचा बाप वकील आहे, तो ही वर्षे काढतो. ज्याची आई ऊसतोडीला जाते, तो दुसऱ्या वर्षी पतपेढीत चिकटतो. दोष त्या मुलाचा नाही.

६. ‘म्हणजे जातीचा वकील जातीपुरताच?’ अजिबात नाही. १९२६ मध्ये पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ पुस्तकाच्या खटल्यात ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकरांच्या बाजूने आंबेडकरच उभे राहिले. आणि टिकून राहण्याचे म्हणाल, तर महाडच्या चवदार तळ्याचा दावा १९२७ मध्ये सुरू होऊन उच्च न्यायालयात निकाली निघाला १९३७ मध्ये. सत्याग्रहानंतरची दहा वर्षे कोर्टात लढावी लागली, आणि लढणारे टिकून राहिले म्हणूनच निकाल बाजूने लागला.

७. म्हणून समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागांनी तालुका कोर्टात काम करणाऱ्या नव्या वकिलांना निदान तीन वर्षे पुरेसे विद्यावेतन द्यावे, आणि ते वेळेवर द्यावे. जिल्ह्याच्या लोक अभिरक्षक (मोफत बचाव वकील) कार्यालयांत नेमणुका करताना स्थानिक भाषा येणाऱ्यांना पुढे घ्यावे. ज्येष्ठ वकिलांना एकच विनंती: तुमच्या चेंबरमध्ये वस्तीवरून, पाड्यावरून आलेला एक तरी ज्युनिअर ठेवा, आणि त्याला दर महिन्याला ठरलेला पगार द्या.