माजी झाल्यावर काय उरतं?



राधानगरी-भुदरगडात 'केपी' एवढं म्हटलं की पुरतं. के. पी. पाटील, गाव मुदाळ. 2004 आणि 2009 अशा दोन निवडणुका जिंकून ते दहा वर्षं आमदार राहिले. 2014 ला प्रकाश आबिटकरांनी त्यांना हरवलं, 2019 ला परत हरवलं, आणि 2024 ला घड्याळ सोडून मशाल हाती घेतली तरी निकाल तोच लागला. लागोपाठ तीन पराभव. तरीही या सगळ्या काळात त्यांना वगळून तालुक्याचं राजकारण कुणाला बोलता आलेलं नाही. नावामागे 'माजी' लागलं, पण त्यानं त्यांचं काही अडलं नाही.

केपींची तारीफ करायची किंवा त्यांना नावं ठेवायची म्हणून मी हे लिहीत नाही. मला कुतूहल आहे ते या न अडण्याचं.

त्याचं उत्तर बिद्रीत आहे. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना. आपल्याकडे ऊस कधी तुटणार, बिल कधी जमा होणार, पोराला कुठं चिकटवता येईल का, हे प्रश्न विधानसभेत सुटत नाहीत, कारखान्यावर सुटतात. 2023 च्या डिसेंबरात कारखान्याची निवडणूक झाली तेव्हा विद्यमान आमदार समोरच्या बाजूला होते, तरी सत्ता केपींच्याच गटाकडे राहिली. म्हणजे आमदारकी गेली तरी खुर्ची होती, गाडी होती, आणि सकाळी दारात उभी राहणारी माणसं होती. माजी आमदाराला सरकारी पेन्शन मिळतं ते वेगळं. खरं पेन्शन हे.

आता जिल्ह्यातल्या माजी आमदार बायकांकडे बघू या.

संध्यादेवी कुपेकर. बाबासाहेब कुपेकर विधानसभेचे अध्यक्ष राहिलेले, चंदगडचे आमदार. 2012 साली ते गेले. 2013 च्या पोटनिवडणुकीत संध्यादेवी निवडून आल्या, आणि 2014 च्या सार्वत्रिक निवडणुकीत पुन्हा आल्या. ही दुसरी जीत सहानुभूतीची म्हणून उडवून लावता येत नाही. 2019 ला मात्र त्या उमेदवार नव्हत्या. 2024 ला त्यांची मुलगी नंदाताई बाभूळकर उभी राहिली आणि पडली.

जयश्री जाधव. कोल्हापूर उत्तरचे आमदार चंद्रकांत जाधव 2021 च्या डिसेंबरात वारले, आणि एप्रिल 2022 मध्ये काँग्रेसनं जयश्रीताईंना उभं केलं. प्रचाराला दोन्हीकडचे राज्यभरातले पुढारी उतरले होते. त्या निवडून आल्या. अडीच वर्षांनी, 2024 ला, त्याच पक्षानं त्यांना तिकीट दिलं नाही. पक्षानं आधी एक नाव जाहीर केलं, ते बदलून दुसरं दिलं, ते शेवटच्या घटकेला मागे घेतलं गेलं. एवढ्या उलथापालथीत विद्यमान आमदार बाईचं नाव काही परत आलं नाही. त्या शिंदेंच्या शिवसेनेत गेल्या. लोकांनी 'शेवटी पक्ष बदललाच' म्हणून नाकं मुरडली. केपींनीही त्याच महिन्याभरात पक्ष बदलला होता. तिथं मात्र 'राजकारणात चालायचंच' म्हणून सगळे गप्प.

एकीला पक्षानं नाकारलं, दुसरी मैदानात राहिली नाही. कारणं वेगळी, पण दोघींची आमदारकी नवऱ्याच्या मृत्यूनं रिकाम्या झालेल्या जागेवरची. पुरुषाच्या पाठीशी कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ, शिक्षणसंस्था यांपैकी काहीतरी आधी असतं आणि त्यातून आमदारकी येते. बाईच्या हाती आमदारकी आधी येते आणि खाली काहीच नसतं. ती गेली की बाई थेट घरात. त्यांना काम जमलं नाही असं म्हणणाऱ्यांनी आधी हे बघावं.

आणि खाली काही का नसतं? कारण सहकारातलं मत सभासदत्वावर, आणि सभासदत्व जमिनीवर. सातबारा नवऱ्याचा किंवा सासऱ्याचा. ऊस बायकांनी लावायचा, भांगलायचा, पण सभासद तो. म्हशीच्या धारा ती काढते, डेअरीला दूध ती घालते, पण पुस्तकावर नाव त्याचं. घरात एक मत वाढावं म्हणून बायकोच्या नावानं शेअर घेतलेली घरंही मी पाहिली आहेत; तिथं मत तिचं आणि शिक्का कुठं मारायचा ते ठरवणार तो. 1994 साली महाराष्ट्रानं आणि 2005 साली देशानं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाएवढा हक्क दिला. आमच्याकडे अजून बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या करायच्या आणि भावानं साडी-चोळी करायची, असंच चाललंय. सहकार कायद्यानं संचालक मंडळात दोन जागा बायकांना ठेवल्या. त्या दोघी बहुतेक वेळा कुणाच्या कोण असतात, ते तुम्हाला मी सांगायला नको.

मध्येच एक आठवलं म्हणून सांगते. केपी आणि ए. वाय. पाटील यांच्या भांडणाला आमच्याकडची वर्तमानपत्रं 'मेव्हण्या-पाव्हण्यांचा वाद' म्हणतात. वर्षानुवर्षं बातम्या येताहेत, कोण कुणाच्या व्यासपीठावर गेला, कोण रुसला. मेव्हणा हे नातं कुठल्यातरी बाईमुळेच होतं ना? त्या बाईला या वादाबद्दल काय वाटतं, हे कुणी विचारलेलं माझ्या वाचनात नाही.

राधानगरी हे नावच शाहू महाराजांच्या मुलीचं, राधाबाईंचं. धरणाला नाव राणीसाहेबांचं, लक्ष्मी तलाव. महाराजांनी बायकांच्या छळाविरुद्ध कायदा केला तो 1919 साली. आणि इथं 2004 पासून विधानसभेच्या पाच निवडणुका झाल्या, निवडून आले ते दोन पुरुष, आलटूनसुद्धा नाही, एक संपल्यावर दुसरा. 2024 ला जिल्ह्यातल्या दहाही जागांवर पुरुष आले. राज्यात 288 पैकी बायका 21. 2019 ला 24 होत्या.

2023 च्या घटनादुरुस्तीनं विधानसभेत एक तृतीयांश जागा बायकांना ठेवल्या, पण अंमल जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर, अशी अट घालून. आपल्या बैठकांतून या आरक्षणाची वाट बघणं खूप चालतं. वाट जरूर बघू. पण ते आलं आणि खाली हीच जमीन राहिली, तर जिल्ह्याच्या वाट्याला येणाऱ्या तीन-चार जागांवर कुणाच्या सुना बसतील, याची यादी आजच करता येईल. त्या सुना वाईट असतील असं नाही. पाच वर्षांनी जागा फिरली की त्यांचंही जयश्रीताईंसारखंच होईल, एवढंच.

म्हणून या तिमाहीत आपल्या गटांनी एक काम घ्यावं असं मला वाटतं. प्रत्येक गावात विकास सोसायटीची, दूध संस्थेची आणि कारखान्याची सभासद यादी मागायची आणि त्यात बायका किती ते मोजायचं. एका दूध संस्थेत आमच्या गटातली बाई अशी यादी मागायला गेली, तर सचिवानं 'मालकांना पाठवा' म्हणून परत लावलं. दुसऱ्या दिवशी आम्ही अकराजणी गेलो. यादी मिळाली. मग दूध जी घालते तिचं नाव पुस्तकावर घ्या, असा अर्ज दिला. सात अर्ज दिलेत, दोन मंजूर झाले. बाकीच्या पाचांना कारण लेखी मागितलं आहे. ते अजून आलेलं नाही.