नखांचं बिल पापण्यांवर

पापण्या सुजल्या, खाज सुटली की पहिला संशय काजळावर. आमच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं काजळ बदललं, मस्कारा फेकला, उशीचे अभ्रे गरम पाण्यात धुतले, शेवटी एसीलाही शिव्या घालून झाल्या. स्किनच्या डॉक्टरांनी मात्र डोळे जेमतेम पाहिले आणि म्हणाले, ‘‘हात दाखवा.’’ दहाही नखांवर चकचकीत जेल!

आता तुम्ही म्हणाल, नखं कुठे आणि डोळे कुठे? अहो, दिवसभरात चेहऱ्याला किती वेळा हात लागतो, मोजून बघा. त्यात पापणीची कातडी सगळ्यात पातळ. बोटांना काही व्हायच्या आधीच कधी कधी तीच बोंब मारते. शिवाय ही ॲलर्जी सावकाश, एक-दोन दिवसांनी उगवते. तोवर आपण पार्लर विसरून आदल्या रात्रीच्या कोळंबीला फाशी देऊन मोकळे!

जेलमध्ये असतात ॲक्रिलेट्स. बाटलीत पातळ, यूव्ही दिव्याखाली कडक. नीट कडक झाली की सहसा त्रास नाही. भानगड अर्धकच्च्या जेलची. दिवा कमी पडला, थर जाड झाला किंवा ब्रश कातडीवर गेला, की संपलं. मुख्य आरोपीचं नाव ‘हेमा’ (ड्रीमगर्लचा काही संबंध नाही!). युरोपीय संघात २०२१ पासून हेमावाली नेल प्रॉडक्ट्स फक्त व्यावसायिकांनी वापरायची. आणि आपण? किट एका कंपनीचं, दिवा भलत्याच, आणि रविवारी दुपारी टीव्हीसमोर बसून घरच्या घरी!

मला धास्ती वाटते ती पुढची. जेल काय, काढून टाकता येतं. ही ॲलर्जी मात्र एकदा जडली की बहुधा जन्मभराची, आणि ॲक्रिलेट्सचा गोतावळा मोठा. दातातलं पांढरं फिलिंग, गुडघा बदलताना लागणारं बोन सिमेंट, डायबिटीसवाल्यांच्या दंडावरचे काही ग्लुकोज सेन्सर. एकाची ॲलर्जी म्हणजे सगळ्यांचीच, असं नाही. पण नेमकं काय सोसत नाही, ते पाठीवर पॅच टेस्ट करून घेतल्याशिवाय कळत नाही, आणि कळलं की डेंटिस्टला आधीच सांगावं लागतं.

आपण महिन्यातून एकदा जातो. समोर बसलेली पार्लरवाली मुलगी दिवसभर त्याच बाटल्या हाताळते. लॅटेक्सचे ग्लोव्हज ॲक्रिलेट्सना फारसे अडवत नाहीत. नायट्रिलचे बरे, पण तेही थोडाच वेळ, मग बदलायचे. दिवसाला किती जोड्या लागतील, हा हिशोब तिच्या मालकिणीनं करायचा.