गावाच्या नोंदवहीत आमरी आहे का?

आंब्याच्या किंवा मोहाच्या फांदीवर जाड हिरवी पाने आणि लोंबणारी पांढरट मुळे दिसली, की अनेक जण ते बांडगूळ समजून तोडून टाकतात. पण ती आमरी, म्हणजे ऑर्किड असू शकते. बांडगूळ झाडाचा रस शोषते. आमरी झाडाचा फक्त आधार घेते आणि पाणी हवेतून व पावसातून मिळवते.

मध्य भारतात आढळणाऱ्या ‘वांडा टेसेलाटा’ या आमरीची मुळे काही भागांत ‘रास्ना’ म्हणून औषधात वापरतात. काही ठिकाणी तिलाही ‘बांदा’ म्हणतात आणि बांडगुळालाही. नावाच्या या गोंधळात उपयोगी वनस्पती नष्ट होते.

नोंद कशासाठी?

भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ मध्ये देशातील १,२५६ आमरी प्रजातींची सूची प्रसिद्ध केली. त्यांपैकी ३८८ प्रजाती फक्त भारतातच आढळतात. पण आपल्या शिवारातील कोणत्या झाडावर कोणती आमरी आहे, हे देशाच्या सूचीतून कळत नाही. त्यासाठी लोक जैवविविधता नोंदवही असते.

जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेला जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावी लागते. हा नियम ग्रामपंचायतीप्रमाणेच भिलाईच्या नगर निगमालाही लागू आहे. कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनुसार समितीत ७ ते ११ सदस्य असतात. स्थानिक लोकांशी चर्चा करून नोंदवही तयार करणे, हे समितीचे मुख्य काम आहे.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या कामासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली होती. आज देशात अडीच लाखांहून अधिक नोंदवह्या आहेत. हा आकडा मोठा असला, तरी त्यावरून नोंदींचा दर्जा समजत नाही. ‘आंबा, मोह, पळस’ एवढे लिहूनही नोंदवही पूर्ण झाल्याचे दाखवता येते. फांदीवरची आमरी मात्र ती रोज पाहणाऱ्या माणसाने सांगितल्याशिवाय नोंदवहीत येत नाही.

नोंदीनंतर रोपे कशी तयार होतात?

आमरीच्या एका शेंगेत हजारो ते लाखो बिया असतात. त्या धुळीसारख्या बारीक असून त्यांत अन्नसाठा नसतो. जंगलात विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच त्या रुजतात. प्रयोगशाळेत निर्जंतुक पोषक माध्यमावर त्यांची रोपे करता येतात. पुढे ती बाहेरच्या हवेला सरावल्यावर पावसाळ्यात झाडावर बांधतात. फुले येण्यास काही वर्षे लागतात.

या कामासाठी सगळी रोपे उपटण्याची गरज नसते. काही शेंगा पुरेशा असतात. पण शेंग कोणत्या झाडावर आणि कधी मिळेल, हे नोंदीवरूनच कळते. म्हणून प्रयोगशाळेइतकीच गावची नोंदवही महत्त्वाची आहे. नोंद होण्याआधीच झाड तोडले गेले, तर तेथे कोणती आमरी होती हेही समजणार नाही.

आपण काय करू शकता?

• ग्रामपंचायत किंवा नगर निगम कार्यालयात नोंदवही पाहण्यास मागा.
• आमरी दिसल्यास आधाराचे झाड, फुलण्याचा महिना, उपयोग आणि आपल्या बोलीतील नाव समितीला सांगा. शक्य असल्यास फुलाचे छायाचित्र द्या.
• नेमके ठिकाण समितीपुरतेच ठेवण्याची विनंती करा. ते सर्वांना कळल्यास रोपे चोरीला जाऊ शकतात.
• जुने झाड तोडण्याचे ठरले असेल, तर त्यावरील आमरीबाबत समितीला आधीच कळवा.
• मुळे किंवा रोपे विकत घेणारा व्यापारी आल्यास समितीला माहिती द्या. व्यापारासाठी जैविक साधने गोळा करणाऱ्यांकडून समिती शुल्क घेऊ शकते.

नोंद सांगण्यासाठी शिक्षणाची अट नाही. गुरे चारणारे, मोह वेचणाऱ्या महिला आणि गावातील वैद्य यांची माहिती येथे सर्वांत उपयोगी ठरते.