निवांत किनारा कुणाचा?

महाड-पोलादपूरच्या माणसाला घरातून समुद्र दिसत नाही. पण तो समुद्राला परकाही नाही. महाबळेश्वरी उगम पावलेली आपली सावित्री पोलादपूर, महाड करीत बाणकोटपाशी सागराला मिळते. मुखाच्या उत्तरेस हरिहरेश्वर, दक्षिणेस बाणकोट आणि जवळच वेळास. सुटीत हरिहरेश्वरी यात्रा लोटते. वेळासला आडवारी गेले तर लाटांखेरीज आवाज नसतो. म्हणूनच ते मला आवडते.

मित्र म्हणतात, “कुणाला सांगू नकोस, तिथेही गर्दी होईल.” हे मला पटत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या गावी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तिथल्या विद्यार्थ्यांनी ‘हा किनारा आमच्यापुरताच’ म्हणणे शोभत नाही. तो लढा माणुसकीच्या हक्काचा होता. सहलीची त्याच्याशी तुलना होऊच शकत नाही. परंतु जे सर्वांचे आहे त्याला दार लावू नये, एवढे तरी आपण त्यातून शिकावे.

मग शांतता टिकायची कशी? उत्तर वेळासच्या कासवांपाशी आहे. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते व निघून जाते. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात आणि उजेडाच्या रोखाने धावतात. किनाऱ्यावर दिवे असले, तर ती समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात. पूर्वी ही अंडी चोरीला जात. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने ग्रामस्थांच्या साथीने ती जपली. आता पिल्ले पाहायला मुंबई-पुण्याची माणसे येतात, गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, तिथेच जेवतात. गावाला चार पैसे मिळतात, म्हणून गावही किनारा राखते.

तात्पर्य, निवांतपणा माणसे किती यावर नव्हे, तर ती वागतात कशी यावर अवलंबून असतो. ट्रान्झिस्टरची जागा आता मोठ्या कर्ण्यांनी घेतली आहे, एवढाच काय तो फरक!

आणि दोष केवळ पाहुण्यांचाच कशाला? महाडच्या पुलावरून सावित्रीत भिरकावलेली पिशवी आज ना उद्या त्याच समुद्राला मिळते. तेव्हा मित्रहो, वेळासला जरूर जा, इतरांनाही न्या. पण किनारा राखायला आरंभ आपल्या नदीकाठापासून करा.