पाण्याखालील आंबेगांव

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांतील आहेत. 'तालुका आंबेगांव' हे शब्द त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर, सातबाऱ्यावर, मतदारांच्या यादींत नित्य लिहिले जातात. परंतु ज्या गांवावरून तालुक्यास हें नांव पडलें, तें जुनें गांव पाहूं गेल्यास डिंभे धरणाच्या जलाशयांत शोधावें लागतें. तालुक्याची कचेरी घोडेगांवास आहे, तेव्हां व्यवहार कोठें अडत नाहीं. आणि व्यवहार अडला नाहीं म्हणजे कोणी विचारपूसही करीत नाहीं.

दूरच्या लोकांविषयीं मात्र आपण फार हळवे असतों. अमेरिकेच्या पश्चिमेकडील विस्ताराची हकीकत वाचतांना नावाहो लोकांची कथा येते, व ती वाचून ज्याचें मन कळवळत नाहीं असा विद्यार्थी विरळा. १८६३ सालीं जनरल कार्लटन याच्या हुकुमानें किट कार्सन याच्या फौजेनें त्यांचीं मक्याचीं शेतें जाळलीं, मेंढ्या मारल्या. पुढील वर्षीं त्यांच्या दरीखोऱ्यांतील पीचचीं हजारों झाडें तोडलीं. भुकेनें शरण आलेल्या बायकामुलांसह हजारों लोकांस १८६४ पासून तीनशें मैलांहून अधिक वाट तुडवीत पेकोस नदीच्या कांठीं नेण्यांत आलें. तेथील पाणी खारट, पिकांस कीड, जळणास लांकूड नाहीं. चार वर्षांत अनेक माणसें तेथेंच मेलीं. १८६८ सालीं जनरल शर्मन तह करावयास आला, तेव्हां दुसऱ्याच एका दूरच्या मुलुखांत जाण्याचा पर्याय त्यानें पुढें ठेवला. त्यांचा पुढारी बार्बोन्सितो यानें तो नाकारला व आपल्या मायभूमीखेरीज कोठेंही जावयाचें नाहीं असें निक्षून सांगितलें. १ जून १८६८ रोजीं तह झाला, आणि ते लोक आपल्या जुन्या भूमीच्या कांहीं भागांत परत गेले.

घोड नदीच्या खोऱ्यांत असें कांहीं घडलें, असें आमचें म्हणणें नाहीं. येथें फौज आली नाहीं, शेतें जाळलीं गेलीं नाहींत. धरण लोकांच्या उपयोगासाठींच बांधलें गेलें. कुकडी प्रकल्पाचीं येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगे व डिंभे हीं पांचही धरणें आपल्या या दोन तालुक्यांत आहेत. त्यांचें पाणी शिरूर, पारनेर, श्रीगोंदें, कर्जत, करमाळें येथवर जातें. ज्या भागांत पूर्वीं बाजरीही धड येत नसे तेथें आज ऊंस उभा आहे, आणि तें पाहून आम्हांस आनंदच होतो. एकट्या डिंभ्याच्या जलाशयांत सुमारें साडेतेरा अब्ज घनफूट पाणी मावतें. तें धरण २००० सालीं पुरें झालें.

पण हें पाणी जेथें सांठतें तेथें कोणाचीं तरी भातखाचरें होतीं. तीं बहुतांशीं महादेव कोळी बांधवांचीं होतीं. (कोळी म्हणजे मासे मारणारा, अशी समजूत खालच्या भागांत पुष्कळांची असते. ती चुकीची आहे; हे डोंगरांतील शेतकरी. भात, नाचणी, वरई पिकवावी व हिरडा गोळा करून विकावा, हा त्यांचा पिढीजाद क्रम.) नदीकांठची सपाट जमीन हीच काय ती त्यांची खरी भाताची जमीन, आणि तीच प्रथम पाण्याखालीं गेली.

त्यांस विचारलें कोणी? १८९४ च्या भूसंपादन कायद्यांत मालकाची संमति लागतच नसे, आणि २०१३ सालीं नवा कायदा होईपर्यंत सरकारचा कारभार त्याच कायद्यानें चालला. आपल्या जिल्ह्यास हा प्रश्न नवा नव्हता. १९२१ सालीं टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीच्या शेतकऱ्यांनीं सेनापति बापट यांच्याबरोबर सत्याग्रह केला तो याचसाठीं. तो लढा हरला, धरण झालें, आणि मुळशीचें नांव आपण शाळेंत अभिमानानें घेऊं लागलों. डिंभ्याचें नांव अजून तसें घेत नाहीं.

मोबदला मिळाला कीं, असें पालकांपैकीं कोणी म्हणतील. मिळाला; पण त्याची रीत पाहण्याजोगी आहे. आपल्या राज्याच्या पुनर्वसन कायद्यांत पर्यायी जमीन हवी असल्यास मोबदल्यांतील ६५ टक्के रक्कम सरकारांत भरावी, अशी अट आहे. ज्याच्या हातीं जन्मांत रोख पैसा फारसा आला नाहीं, त्यानें ती रक्कम हातीं येतांच जपून ठेवून पुन्हां कचेरींत नेऊन भरावी, ही अपेक्षा पुण्यांत बसून करणें सोपें आहे. शिवाय जमीन मिळावयाची ती खालीं, कालव्याच्या प्रदेशांत. जेथें हिरडा नाहीं, रान नाहीं, सोयरेधायरे नाहींत. पुष्कळ कुटुंबें तिकडे गेलींच नाहींत. पाणी जसजसें चढलें तसतशीं तींही घरांचे वासे काढून वर चढलीं व उतारावर राहिलीं.

बार्बोन्सितोनें तोंडानें दिलेलें उत्तर या लोकांनीं पायांनीं दिलें, असें आम्ही समजतों. अंतर इतकेंच कीं त्याचें उत्तर तहांत लिहिलें गेलें. यांचें कोणी लिहून घेतलें नाहीं.

उतारावर राहून त्यांनीं काय केलें तेंही सांगितलें पाहिजे, नाहीं तर ही केवळ रडकथा होईल. 'पडकई' म्हणून त्यांची जुनी चाल आहे. अनेक घरांनीं मिळून आळीपाळीनें एकमेकांच्या उतारावर बांध घालावे व खाचरें तयार करावीं. तीच चाल त्यांनीं पुन्हां उभी केली, आणि रोजगार हमीचें साहाय्य तिला मिळालें. उन्हाळ्याकडे पाणी ओसरूं लागलें कीं उघड्या पडणाऱ्या गाळांत ते गाळपेर करतात. ज्यांनीं कधीं होडी वल्हविली नव्हती त्यांनीं जाळीं टाकावयास शिकून मासेमारीची सहकारी सोसायटी काढली. या कामीं 'शाश्वत' या संस्थेनें त्यांस साथ दिली, व २०१२ सालीं तिला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचें 'इक्वेटर' पारितोषिक मिळालें.

तथापि गाळाची ती जमीन आज त्यांची नाहीं, पाटबंधारे खात्याची आहे. तेथें पेरण्याचा हक्क मुदतीपुरता. मासेमारीचा ठेकाही मुदतीचा. मुदत सरली कीं पुन्हां अर्ज. आमचें स्पष्ट मत असें कीं, ज्या कुटुंबांची जमीन या जलाशयाखालीं गेली त्यांच्या वंशजांस गाळपेरीचा व मासेमारीचा हक्क कायमचा व कायद्यानें मिळाला पाहिजे, आणि तो मागण्यांत कालव्याखालच्या शेतकऱ्यांनीं पुढें असावें. उपकार म्हणून नव्हे. त्यांच्या उंसाच्या मुळाशीं जें पाणी आहे तें कोणाच्या खाचरावर उभें राहून खालीं आलें, हा हिशेबाचा प्रश्न आहे.

जलाशयास हुतात्मा बाबू गेनू यांचें नांव दिलें आहे. ते याच तालुक्यांतील महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईस परदेशी कापडाच्या मोटारीखालीं त्यांनीं देह ठेवला. नांव योग्यच आहे. परंतु खालीं बुडालेल्या प्रत्येक खाचरासही नांव होतें, आणि तीं नांवें ठाऊक असलेलीं माणसें आतां वृद्ध झालीं आहेत. आपल्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांचे आजोबा-आजी डिंभे, माणिकडोह किंवा दुसऱ्या कोणत्याही धरणांतून वर आले असतील, त्यांनीं या सुटींत त्यांच्यापाशीं बसून शेतांचीं, ओढ्यांचीं व वाड्यांचीं नांवें लिहून आणावीं. पुढील अंकांत आम्ही तीं गांववार छापूं.